प्रिंटर एक, काँप्युटर दोन आणि मी एकटाच शहाणा

आमचं गाव गोव्यातल्या डिचोली तालुक्यात. कार्तिकातल्या जत्रेला रात्री मराठी नाटक होतं आणि संहिता टाइप करून पार्ट वाटायचं काम वर्षानुवर्षं माझ्याकडे. माझा काँप्युटर खाली हॉलमध्ये. जुना, जुन्या फाँटचा. प्रिंटर वर मुलीच्या खोलीत, तिच्या काँप्युटरला वायरीनं जोडलेला. तिनं तो शेअर करून दिला होता. मी खाली प्रिंट द्यायची, कागद वर पडायचे, मी जिना चढायचा. दोन वर्षं बिनबोभाट चाललं.

ऑक्टोबरात एका दुपारी गडगडाट सुरू झाला आणि राउटर जळाला. आमच्याकडे पाऊस जाता जाता एखादी वस्तू घेऊनच जातो. दुसऱ्या दिवशी नवा राउटर बसला, इंटरनेट आलं, पण प्रिंट काही निघेना. रात्री तालीम. मुलगी पणजीला ऑफिसात. तिला फोन करायला हवा होता. पण 'बाबा, परत काय बिघडवलंत?' हे ऐकायची इच्छा नव्हती.

म्हणून प्रिंटरच्या कंपनीचं नाव आणि 'हेल्पलाइन' असं शोधलं. सगळ्यांत वर कंपनीचंच चिन्ह, खाली १८०० चा नंबर. त्या ओळीवर बारीक अक्षरांत 'जाहिरात' असं लिहिलेलं होतं, ते मी नंतर पाहिलं. फोन लगेच उचलला. खरं तर इथंच शंका यायला हवी होती.

"सर, चिंता मत कीजिए, दो मिनट का काम है।" त्यानं एनीडेस्क, म्हणजे दुसऱ्याचा काँप्युटर लांबून चालवायचा प्रोग्रॅम, उतरवून घ्यायला लावलं आणि स्क्रीनवर आलेला आकडा विचारला. आकडा सांगून त्याला परवानगी देताच बाण आपोआप फिरू लागला. एनीडेस्क हा चांगला, कामाचा प्रोग्रॅम आहे; फक्त आकडा कुणाच्या हाती पडतो एवढाच प्रश्न. त्यानं काळी खिडकी उघडून 'नेटस्टॅट' असं टाइप केलं. भराभर ओळी आल्या. एका रकान्यावर बोट ठेवल्यासारखा बाण नेला : 'फॉरेन अॅड्रेस'. "देखिए सर, कितने फॉरेनर आपके कंप्यूटर में बैठे हैं।"

आता गोव्यात फॉरेनर काय कमी आहेत? पण ते कळंगुटला, मोरजीला. माझ्या काँप्युटरात कशाला येतील! तेव्हा मात्र मला घाम फुटला. तो रकाना म्हणजे आपला काँप्युटर इंटरनेटवर ज्यांच्याशी बोलतो आहे त्यांचे पत्ते, एवढंच. साधी बातम्यांची साइट उघडी असली तरी तिथं ओळी दिसतात. त्यातली एक ओळ तर खुद्द त्याच्याच एनीडेस्कची असणार. मग त्यानं 'इव्हेंट व्ह्यूअर', म्हणजे काँप्युटरातल्या बारीकसारीक घडामोडींची नोंदवही, उघडून लाल-पिवळ्या खुणा दाखवल्या. त्या धडधाकट काँप्युटरातही ढिगानं असतात.

"प्रिंटर दो कंप्यूटर में है, तो वायरस भी दोनों में।" म्हणून वरच्या काँप्युटरवरही एनीडेस्क. मुलीचा पिन मला पाठ, मीच टाकला. सुरक्षेचा प्लॅन एका काँप्युटरला २,४९९ रुपये, दोन म्हणून ४,९९८. यूपीआयनं भरले. त्यानंतर त्यानं वरच्या काँप्युटरवर कुठंतरी दोन क्लिक केले आणि प्रिंटर खडखडला. पहिल्या अंकाचं पहिलं पान. मी त्याला मनापासून धन्यवाद दिले हो!

रात्री मुलगी म्हणाली, "प्रिंटर चालला वाटतं?" मी म्हटलं, "केला कसातरी." पैशांचं बोललो नाही.

पाचव्या दिवशी फोन. कंपनी गोव्यातली सेवा बंद करते आहे, तुमचे ४,९९८ परत द्यायचेत, नेट बँकिंग उघडा. एनीडेस्क होतंच. स्क्रीन काळी झाली. "सर्वर अपडेट हो रहा है, सर, मोबाइल पे जो नंबर आया वो बोलिए।" बँकेच्या त्या मेसेजात 'हा क्रमांक कोणालाही सांगू नका' असं स्पष्ट होतं. मी चष्मा लावून नंबर वाचला, त्याला सांगितला आणि ४६,००० रुपये गेले. पैसे येण्यासाठी ओटीपी लागत नाही, पिनही लागत नाही, हे मी स्वतः शेजाऱ्यांना सांगत आलोय.

रात्रभर गप्प राहिलो. सकाळी मुलीला सांगितलं. तिनं आधी दोन्ही काँप्युटरांचं इंटरनेट काढलं, मग १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनला फोन लावायला लावला, cybercrime.gov.in वर तक्रार भरली. १९३० वर जितक्या लवकर कळवाल तितकी पुढच्या खात्यात पैसे अडकवून ठेवायची शक्यता जास्त. माझी अख्खी रात्र लाजेत गेली. ९,००० अडकवता आले, बाकीचे एव्हाना कुठल्या कुठे पोचले होते. बँकेत विचारलं तर रिझर्व्ह बँकेचा २०१७ चा नियम दाखवला : ओटीपी आपणच दिला असेल तर कळवण्याआधीचं नुकसान आपलं, कळवल्यानंतर जे जाईल ते बँकेचं.

आणि मूळ बिघाड? मुलीनं दाखवला तेव्हा हसावं की रडावं कळेना. राउटर नवा, म्हणून विंडोजच्या लेखी नेटवर्कही नवं. अनोळखी नेटवर्कला विंडोज 'पब्लिक' धरतं आणि अशा नेटवर्कवर दुसऱ्या काँप्युटरला प्रिंटर दिसू देत नाही. ज्या काँप्युटरला प्रिंटर जोडलाय, त्याच्या सेटिंग्जमध्ये नेटवर्कवर जाऊन 'पब्लिक'चं 'प्रायव्हेट' करायचं. संपलं. त्या माणसानं तेवढंच केलं होतं. घरच्या वायफायवर हे करायला हरकत नाही, हॉटेलातल्या किंवा स्टँडवरच्या नको. शिवाय प्रिंटरवाला काँप्युटर चालू हवा, झोपलेला असेल तर खालून कितीही प्रिंट द्या. आणि प्रिंटर प्रॉपर्टीजमधल्या शेअरिंगवर 'शेअर धिस प्रिंटर'ची खूण तशीच आहे का, तेही बघावं. प्रिंटरला स्वतःचं वायफाय असेल तर तो थेट राउटरलाच जोडा, मग वरचा काँप्युटर बंद असला तरी चालतं. अगदीच घाई असेल तर फाइलची पीडीएफ करून पेनड्राइव्हवर वर न्यायची. मग वरच्या काँप्युटरात माझा जुना फाँट नसला तरी अडत नाही. हे मला त्या दुपारी सुचलं असतं तर.

मुलीनं दोन्ही काँप्युटर पुसून विंडोज नव्यानं घातलं आणि सगळे पासवर्ड मोबाइलवरून बदलले. संहितेच्या फाइली पेनड्राइव्हवर होत्या म्हणून वाचल्या.

नाटक झालं. परवा तेच नाव, तोच शोध पुन्हा टाकून पाहिला. सगळ्यांत वर तेच चिन्ह होतं. नंबर तेवढा वेगळा.