इन-इअर घेण्याआधी भडंग खाऊन बघा

मी ऑक्टोपॅड वाजवतो. सांगली-मिरजेच्या आसपासच्या जत्रा, हळदीच्या रात्रीचे कार्यक्रम, गणपतीतला ऑर्केस्ट्रा, मिळेल ती सुपारी. बावीस वर्षं झाली. ऑक्टोपॅडची गोम अशी की त्याला स्वतःचा आवाज नाही. काठी रबरावर पडली की नुसतं थप. मॉनिटर, म्हणजे स्टेजवर वाजवणाऱ्याला त्याचाच आवाज ऐकवणारा स्पीकर, बंद पडला तरी ढोलकीवाल्याला हाताखालची ढोलकी ऐकू येते, मला काहीच नाही. म्हणून इतकी वर्षं माझ्या डाव्या अंगाला, कानापासून तीन-चार फुटांवर मॉनिटरचा डबा, आणि साऊंडवाल्याला एकच खूण: अंगठा वर, म्हणजे आवाज वाढव.

मागच्या दिवाळीनंतर मिरजेत जाऊन कान तपासले. तक्त्यावर डाव्या कानाची रेघ नीट चालत आलेली, ४००० हर्ट्झपाशी खड्ड्यात गेलेली आणि ८००० ला पुन्हा जराशी वर. तपासणाऱ्या मॅडमनी विचारलं, "डाव्या बाजूला काय असतं तुमच्या?" म्हटलं, "डबा." मोठ्या आवाजानं कान बिघडला की खड्डा बहुतेक तिथंच पडतो, आणि कानाच्या आतल्या केसपेशी एकदा मेल्या की माणसाला परत येत नाहीत, हे त्यांनी शांतपणे सांगितलं. रात्री पंखा बंद केला की डाव्या कानात जी बारीक शिट्टी वाजते, तिचं कारण मी तोवर डासांच्या मशीनवर ढकलत होतो.

मग डब्याऐवजी इन-इअर, म्हणजे कानात घालायचा मॉनिटर, घ्यायचं ठरलं. आता प्रश्न असा की बघायचं कुठं? दुकानात कुणी कानात घालून बघू देत नाही, आणि बरोबरच आहे, आधीच्या गिऱ्हाइकाचा मळ आपण का घ्यायचा? ऑनलाइन जे वाचावं ते ड्रायव्हर (आतले बारीक स्पीकर) किती आणि बेस कसा एवढंच. कान किती वाचतो हे कुणी बोलत नाही. शेवटी ओळखीपाळखीतले पाच जोड गोळा केले, आणि एका रविवारी हरिपूरला आमच्या तालमीच्या खोलीत बसलो. हरिपूर म्हणजे हळदीच्या पेवांचं गाव. २००५ च्या महापुरात पेवांची वाट लागली, पण आमच्या खोलीच्या भिंतीला अजून हळदीचा वास आहे.

पाच जोड असे: माझ्यासाठी हेरून ठेवलेला शुअर एसई२१५. आमच्या गायिका ताईंचा सेनहायझर आयई १०० प्रो. पुण्यात रेकॉर्डिंगचं काम करणाऱ्या मित्राकडून आठवड्याच्या बोलीवर आणलेला एटिमॉटिकचा ईआर२. भाच्याचा मूनड्रॉप चू. आणि कीबोर्डवाल्या पोराचा एका बाजूला पाच-पाच ड्रायव्हर असलेला एक झगमगीत जोड, त्याचं नाव घेत नाही, कारण पुढं त्याच्याबद्दल बरं काही लिहायचं नाही.

आधी आवाज सारखा करून घेतला. हे कुणी करत नाही आणि मग भांडतात. एकाच खुणेवर नॉब ठेवला तर कुठला जोड मोठा वाजतो, कुठला बारीक, आणि जो मोठा वाजतो तो माणसाला चांगलाच वाटतो. ताईंचा तंबोरा मिरजेचाच (मिरजेच्या सतार-तंबोऱ्याला २०२४ मध्ये जीआय मिळालं तेव्हा ताईंनी पेढे वाटले होते). तो माइकसमोर छेडत ठेवला आणि प्रत्येक जोडाला तंबोरा सारखाच मोठा वाटेल इतका नॉब फिरवला. तंबोऱ्याचा दुसरा फायदा म्हणजे जवारी. खालचा खर्ज आणि वरचं ते सोनेरी झुंईं, दोन्ही एकाच तारेत. इन-इअर खरं बोलतं की खोटं, ते दोन मिनिटांत कळतं.

जवारी सगळ्यात स्वच्छ ऐकवली ईआर२ नं. तार सुटल्यावर वरचे सूर एकेक करून विझतात तेही ऐकू आलं. आयई १०० त्याच्या जवळ, थोडं गोड करून सांगणारं. ताईंचा आवाज त्यात सगळ्यात आपला वाटला. एसई२१५ मध्ये जवारीवर पातळ चादर टाकल्यासारखी, घुंगरू मागं गेलेलं, पण ऑक्टोपॅडचा किक (खालचा जड ठोका) आणि ढोलकीचा धुम भरदार. चू किमतीच्या मानानं फारच सरळ वाजतं, घरी गाणी बसवायला मी तेच घेईन. मात्र आमच्याकडच्या या पहिल्या चूची वायर काढता येत नाही, आणि स्टेजवर वायरीवर कुणाचा ना कुणाचा पाय पडतोच. पाच ड्रायव्हरवाल्यात पहिलं मिनिट सगळे "आयला!" म्हणाले. पाचव्या मिनिटाला खंजिरी कानात टाचणीसारखी टोचायला लागली.

आवाजाचं एवढंच. माझा खरा सवाल दुसरा होता.

मॉनिटरच्या डब्यातून जत्रेच्या मापानं ट्रॅक सोडला. भाच्याच्या आयफोनवर नायॉश या अमेरिकेतल्या कामगार-आरोग्य संस्थेचं फुकटचं मापयंत्र आहे, त्यात माझ्या बसायच्या जागी १०३ ते १०६ डेसिबल दिसत होतं. त्याच संस्थेचा हिशेब असा: ८५ डेसिबल असेल तर आठ तास चालेल, आणि पुढं दर ३ डेसिबलला वेळ निम्मा. म्हणजे १०० ला पंधरा मिनिटं. १०६ ला चार मिनिटंसुद्धा नाहीत. आमचं गणेशवंदनाच सहा मिनिटांचं असतं.

आता काहीही न वाजवता नुसते जोड कानात घालून बसलो. शुअर ३७ डेसिबलपर्यंत अडवतं असं कंपनी सांगते, एटिमॉटिक ३५ ते ४२ सांगते, सेनहायझर २६ पर्यंत. हे आकडे नीट बसलेल्या टिपचे, म्हणजे कानात जाणाऱ्या मऊ टोपीचे, असतात, आपल्या घाईत कोंबलेल्या टिपचे नव्हेत. माझ्या कानाला तरी क्रम तोच लागला: ईआर२ मध्ये खोली शेजारच्या घरात गेल्यासारखी, एसई२१५ त्याच्या पाठोपाठ, मग आयई १००, मग चू. पाच ड्रायव्हरवाल्याच्या पाठीला भोकं होती, त्यातून निम्मा आवाज सरळ आत. एक मात्र सगळ्यांत सारखं होतं. वरचा कर्कश आवाज चांगला अडतो, खालचा बेस कमी अडतो, आणि डॉल्बीचा धक्का तर छातीतून, हाडांतून आत येतो. त्याला कानातलं बूच काय करणार?

आता भडंग. ही चाचणी ठरवून केली नाही, भूक लागली म्हणून झाली. पुडा फोडला, कानात शुअर तसंच. पहिला घास चावला आणि डोक्यात कुणी खडीचं मशीन चालू केल्यासारखं झालं. कान बुजला की आपला जबडा, आपला गळा आतून मोठा ऐकू येतो. पण त्याहून महत्त्वाचं पुढं घडलं. चारपाच घास झाल्यावर उजव्या कानात किक अचानक पातळ झाला. वाटलं वायर गेली. वायर ठीक होती. जबडा हलला की कानाची नळी आकार बदलते, आणि त्यात रबरी टिप सैल होऊन फट पडली होती. फट पडली की दोन गोष्टी एकदम होतात: आतला बेस बाहेर पळतो आणि बाहेरचा गोंगाट आत येतो. आणि माणूस काय करतो? नॉब वाढवतो. म्हणजे कान वाचवायला पैसे मोजायचे आणि वर नॉबनं ते वाया घालवायचे.

मग सगळ्यांनाच भडंग वाटलं. ईआर२ ची तीन छत्र्यांची टिप इतकी खोल बसते की चावताना ते खडीचं मशीनही बारीक झालं आणि फटही पडली नाही. पण इतकं खोल प्रत्येकाला सोसत नाही. ढोलकीवाल्या अण्णांनी अर्धी आत घातली आणि "मेंदूला लागतंय गा" म्हणून काढून हातात दिली. ताईंच्या आयई १०० ची रबरी टिप 'आ'कार लावताना सुटायची; एक माप मोठी लावली, प्रश्न मिटला. माझ्या डाव्या कानाला मधली टिप लागते आणि उजव्याला मोठी, हे मला चव्वेचाळिसाव्या वर्षी कळलं.

एसई२१५ ला फोमची टिप लावली तेव्हा खेळ बदलला. ती घालायची पद्धत आहे. समईची वात वळतो तशी बोटांत वळून बारीक करायची, दुसरा हात डोक्यावरून आणून कान वर-मागं ओढायचा, टिप सरकवायची आणि वीस-तीस आकडे मोजेपर्यंत बोटानं धरून ठेवायची. आत ती हळूहळू फुगते आणि जग मागं मागं जातं. मग ओठ मिटून 'म्म्म' करायचं. दोन्ही कानांत, डोक्याच्या मधोमध सारखं घुमलं तर बसलं. एका बाजूला पातळ वाटलं तर काढा, पुन्हा वळा. घाईत आणि घामात हे होत नाही, म्हणून मी ते टेम्पोतून उतरल्यावर, स्टेजवर चढायच्या आधी करतो.

तर मी घेतलं एसई२१५, साडेनऊ हजारांना, वर फोमच्या टिपांचा वेगळा खर्च. फोम घामानं, मळानं कडक होतो, बदलावाच लागतो. जवारीवरची चादर मला चालते, मला किक हवा. मी रेकॉर्डिंग करत असतो तर मित्राचा ईआर२ परत दिला नसता. तीन तास उभ्यानं गाणाऱ्याला आयई १०० सारखं हलकं बरं. वायर कानावरून मागं घालता येणारी आणि सुटी होणारी असावी, आणि ब्लूटूथचं तर विचारूही नका: काठी आधी पडते, आवाज मागाहून येतो, वाजवणाऱ्याचा ताल तिथंच गेला.

आणि हे कान वाचवायचं प्रमाणपत्र नव्हे, एवढं ध्यानात ठेवलंय. या शुअरला एक मिलिवॅट दिला तर ते कानात १०७ डेसिबल काढतं. एक मिलिवॅट म्हणजे काहीच नाही. कंबरेच्या छोट्या अॅम्पचा नॉब आधी मी दुपारी दोनच्या काट्यावर ठेवायचो, आता नऊच्या. पहिल्याच महिन्यात एका कार्यक्रमात कुणीतरी चालू लाइनचा जॅक उपसला आणि दोन्ही कानांत धाड झालं; दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत कानात कापूस होता. तेव्हापासून साऊंडवाल्याकडून माझ्या ऑक्झला (मिक्सरमधून फक्त मला येणारी लाइन) लिमिटर, म्हणजे ठरल्या मापापुढं आवाज जाऊ न देणारी सोय, लावून घेतल्याशिवाय मी घालत नाही. डब्याचा आवाज निदान तोंड फिरवून चुकवता येतो.

एक तोटा कुणी सांगितला नव्हता. कवठेमहांकाळकडच्या एका जत्रेत लावणीला वन्स मोअर आला, पब्लिक टोप्या उडवतंय, आणि मी आपला ऑक्टोपॅडवर पुढच्या गाण्याचा पॅच (त्या गाण्याचे आवाज) लावून बसलो. ऐकूच आलं नाही. ताईंनी वळून बघितलं ते बघणं अजून आठवतं. दुसऱ्या कार्यक्रमाला मी डाव्या कानातलं काढून खांद्यावर टाकलं, सगळे करतात तसं, आणि दोन गाण्यांत नॉब परत दोनवर. एकाच कानानं ऐकलं की आवाज कमी वाटतो, म्हणून झाकलेल्यात वाढवायचा, आणि उघडा कान तर डॉल्बीसमोर उघडाच. डब्यापेक्षा वाईट. आता एक जुना माइक स्टेजच्या कडेला पब्लिककडं तोंड करून लावतो आणि तो फक्त माझ्या ऑक्झमध्ये हलका सोडतो. शिट्ट्या येतात, वन्स मोअर येतो, मागच्या रांगेतली भांडणंही येतात.

अण्णांना मात्र अजून पटलेलं नाही. परवा कार्यक्रमाआधी मी वाती वळत होतो, तर शेजारी बसले आणि म्हणाले, "एक बाजू मला दे की, दोघांचं भागंल." मी खिशातून ३एमच्या फोमच्या बुचांचं पाकीट काढून दिलं, ते ११०० नंबरचं. पाकिटावर २९ डेसिबल लिहिलेलं असतं, मी निम्मं धरतो, तेवढं अण्णांना पुष्कळ. वळून, कान ओढून, आकडे मोजून घातलं. दुसऱ्या गाण्याच्या मधल्या म्युझिकला त्यांनी माझ्याकडं वाकून ओरडून सांगितलं, "लका, ढोलकी आता ढोलकीसारखी वाजतीया!" माझ्या कानात शुअर होतं. ओठांवरून कळलं.