गळ्यातला पट्टा की खांद्यावरून तिरका?

हर्णै बंदरावर संध्याकाळी मासळीचा लिलाव सुरू झाला की कॅमेरा हातातून सुटत नाही. बॉडी आणि झूम लेन्स मिळून दीड किलो. कॅमेऱ्यासोबत आलेला साधा पट्टा गळ्यात असेल, तर सगळा भार मानेच्या मागच्या दोन बोटं जागेवर येतो. त्यात कोकणातला घाम! पट्ट्याची कड ओल्या कातडीवर घासत राहते आणि रात्री आंघोळीचं पाणी अंगावर घेतलं की मान चुरचुरते.

तिरका स्लिंग पट्टा हेच वजन खांद्यावर आणि पाठीवर वाटून देतो. कॅमेरा कमरेशी लटकतो, उचलला की पट्ट्यावरून सरकत थेट डोळ्याशी येतो. मला हाच पटला. पण एक धोका आहे. बरेच स्लिंग कॅमेऱ्याच्या तळाशी, ट्रायपॉडच्या १/४ इंची भोकात एकाच स्क्रूवर टांगलेले असतात आणि चालता चालता तो स्क्रू सैल होतो. निघताना दर वेळी पिळून बघा, जोडीला सेफ्टी दोरी लावाच.

मालवणहून सिंधुदुर्ग किल्ल्यावर जाताना मात्र मी गळ्यातलाच पट्टा घेतो, आखूड करून. होडीत चढता-उतरताना कमरेचा कॅमेरा काठावर आपटतो, छातीशी धरलेला सांभाळता येतो.

कुठलाही घ्या, चामड्याचा नको. पावसाळ्यात बुरशी धरते. रुंद, आतून मऊ नायलॉन बरा. किनाऱ्यावरून आलात की कॅमेऱ्यापासून सोडवून गोड्या पाण्यात खळबळा, नाहीतर खाऱ्या वाऱ्याने कड्या गंजतात.