चौदा एप्रिलचं पत्र

गाडी बघायला मी तीनदा गेलो. कागद एकदाच बघितले, तेही पार्किंगमध्ये, गाडीच्या सीटवर पसरून, उभ्या उभ्या. ४ लाख ३५ हजार कसे गेले असं कुणी विचारलं तर एवढं उत्तर पुरेसं आहे. पण एवढ्यावर कुणी सावध होत नाही. मीही झालो नसतो. म्हणून सगळं लिहितो.

गाडी म्हणजे बाइक, इटालियन कंपनी डुकाटीची स्क्रॅम्बलर आयकॉन. पिवळी. ऑक्टोबर २०१९ चं रजिस्ट्रेशन, एमएच ४७, म्हणजे बोरिवलीचं पासिंग. मीटरवर ९,८०० किलोमीटर. नवी असताना शोरूमची किंमत आठ लाखांच्या घरात होती, त्यामुळे पावणेपाच मागितले तेव्हा मला ते महागही वाटलं नाही आणि संशय येण्याइतकं स्वस्तही वाटलं नाही. फसवणारा भाव असाच ठेवतो, हे आता कळतं.

मी कोथरूडला राहतो, नोकरी हिंजवडीत. बारा वर्षं स्कूटरवर गेलो-आलो. चाळिशीच्या तोंडावर असताना डोक्यात भरलं की रोज ऑफिसला जाईल आणि रविवारी ताम्हिणी उतरेल अशी एकच गाडी घ्यायची आणि ती इटालियनच घ्यायची. (इटालियन म्हणायचं आपलं. भारतात आलेल्या स्क्रॅम्बलर थायलंडच्या कारखान्यातल्या. पण इंजिनाचा घाट डुकाटीच्या बोलोन्याचाच, आणि मला तेवढं पुरे होतं.)

जाहिरात ऑनलाइन दिसली. गाडी पिंपळे सौदागरला एका मोठ्या सोसायटीत. माणूस तिशीचा, बोलायला गोड, घाई अजिबात नाही. गाडी मावसभावाची, तो कॅनडाला गेला, म्हणून हा विकतोय. चहा पाजला. मी इंजिनाबद्दल बोलायला लागलो की तो ऐकून घ्यायचा. आता वाटतं, पहिल्या दहा मिनिटांत त्याला माझी नस सापडली होती.

कारण मी तयारी करून गेलो होतो. डेस्मो म्हणजे काय, हे मी त्यालाच समजावून सांगितलं. साध्या इंजिनात व्हॉल्व्ह उघडतो कॅम आणि बंद करते स्प्रिंग. डेस्मोत बंद करायलाही दुसरा रॉकर असतो. तालिओनी नावाच्या इंजिनियरने १९५६ मध्ये त्यांच्या रेसच्या गाडीत हे बसवलं आणि पुढे कंपनीची ओळखच ती झाली. स्क्रॅम्बलरच्या ८०३ सीसीच्या इंजिनात दोन सिलिंडर, प्रत्येकाला दोन व्हॉल्व्ह. उघडण्याचा गॅप वेगळा, बंद होण्याचा वेगळा, म्हणजे आठ ठिकाणी मोजायचं. दर १२,००० किलोमीटरला हे काम निघतं, आणि २४,००० ला किंवा पाच वर्षांनी, जे आधी येईल तेव्हा, कॅमचे दोन्ही रबरी बेल्ट बदलायचे. बेल्ट तुटला तर व्हॉल्व्ह पिस्टनवर आदळून इंजिन खलास. तो मान डोलवत होता. "सर, तुमच्यासारख्याच्या हातात गाडी गेली तर भावाला पण बरं वाटेल," म्हणाला. मी विरघळलो.

गाडी मी खरंच नीट बघितली. सुरू करायच्या आधी सिलिंडरवर हात ठेवला. थंड होता, म्हणजे आधी गरम करून ठेवली नव्हती. चासी नंबर आरसीशी अंकन् अंक जुळवला. टायरवरचा आकडा वाचला, १८२३, म्हणजे २०२३ चा अठरावा आठवडा. टायर नवे. हँडलच्या ग्रिप नव्या, फूटपेगची रबरं नवी. मी खूश. पहिले टायर आठ-नऊ हजारांत संपतात, असं तो म्हणाला, आणि या गाडीच्या बाबतीत ते पटण्यासारखं आहे. त्याची प्रत्येक थाप अशीच होती, अर्धी खरी.

कागदांची गोष्ट तीच. एम-परिवहन या सरकारी ॲपवर मी नंबर टाकला होता. मालकाचं नाव आलं, विमा चालू, आणि खाली एका बँकेचं नाव, म्हणजे गाडीवर एचपी, बँकेच्या कर्जाचा बोजा. विचारलं. त्याने तयारच ठेवलेलं पत्र काढलं: कर्ज पूर्ण फिटलं, बँकेचं काही येणं नाही. सोबत हा बोजा उतरवायचा सही-शिक्क्याचा फॉर्म ३५. "पत्र मिळालं तरी ऑनलाइन एचपी तशीच दिसते, आरटीओत जाऊन उतरवावी लागते." हे खरं आहे. कर्ज फेडलं म्हणून बँकेचं नाव आरसीवरून आपोआप जाईलच असं नसतं. मालकाने अर्ज करावा लागतो आणि कित्येक जण वर्षानुवर्षं करत नाहीत. माझ्या स्वतःच्या स्कूटरवर सहा वर्षं तशीच होती. म्हणून मी पुढे काही विचारलंच नाही. मालकी बदलायच्या फॉर्म २९ आणि ३० वर मालकाच्या सह्या, बाकी रकाने कोरे. शंभराच्या स्टॅम्पपेपरवर नोटरी केलेलं हमीपत्र. ५० हजार टोकन यूपीआयने, उरलेले ३ लाख ८५ हजार आरटीजीएसने.

आरटीजीएस ज्या खात्यावर केलं ते मालकाचं नव्हतं आणि त्याचंही नव्हतं. "भावाचं एनआरओ खातं, म्हणजे परदेशात राहणाऱ्यांचं, अजून व्हायचंय, हा आमचा पार्टनर," असं तो म्हणाला. पैसे पाठवताना बँकेच्या ॲपने घेणाऱ्याचं नाव दाखवलं, मी वाचलं आणि पाठवा दाबलं. त्याला अंगठ्याचा दोष म्हणायचं की डोक्याचा, मला अजून ठरवता आलेलं नाही.

आता जे सांगायला लाज वाटते ते. माझी बायको एका पतसंस्थेत कर्ज विभागात आहे. अठरा वर्षं ती दुसऱ्यांचे असलेच कागद तपासते. तिला मी सांगितलं होतं की एक जुनी बाइक बघतोय, दीड लाखाच्या आसपास पडेल. पत्र तिला दाखवलं असतं तर त्यावर कर्जाची रक्कम दिसली असती. म्हणून पाकीट ऑफिसच्या बॅगेत राहिलं. गाडी एका मित्राची आहे, पुढच्या महिन्यात पैसे पूर्ण देणार, अशी एक वेगळी गोष्ट तिला सांगितली. त्याने मला फसवलं तेव्हा मी घरी तेच करत होतो.

मे ते ऑगस्ट गाडी चालवली. खोटं कशाला बोलू, ते दिवस मजेचे होते. भूमकर चौकात सिग्नलला उभं राहिलं की मागच्या सिलिंडरची धग मांडीला लागायची, पँटचा आतला भाग इस्त्री केल्यासारखा गरम. पण जुलैच्या पावसात मुळशीच्या पुढे धुक्यातून चालवताना ती पिवळी टाकी, तो आवाज. दर वेळी वाटायचं, बायकोला पुढच्या रविवारी खरं सांगू.

पहिला धक्का मेकॅनिकने दिला. चेनचा आवाज येत होता म्हणून बाणेरला एकाकडे नेली, तो फक्त मोठ्या गाड्यांचं काम करतो. त्याने टॉर्च लावून पुढच्या डिस्कच्या कडेवर माझं नख फिरवायला लावलं. कडेला स्पष्ट पायरी लागली, पॅड घासतात तिथून डिस्क खोल गेलेली. मग स्प्रॉकेटचे दात दाखवले, करवतीसारखे एका बाजूला झुकलेले. "दहा हजारांत एवढं होत नाही सर. हाताला आणि पायाला लागतं तेवढंच नवीन टाकलंय." त्याने ओळखीच्या अधिकृत वर्कशॉपमध्ये फोन करून चासी नंबर सांगितला. शेवटची नोंद डिसेंबर २०२२ ची, २१,६४० किलोमीटर. म्हणजे बेल्ट आणि व्हॉल्व्हचं मोठं काम तोंडावर आलेलं, किंवा टळून गेलेलं, आणि मी मीटर बघून निवांत. मीटर बदललाय की मागे नेलाय, ते मला शेवटपर्यंत कळलं नाही. चासी नंबर माझ्याकडे पहिल्या दिवसापासून होता. तो फोन मी पैसे देण्याआधी करू शकलो असतो.

तरीही मी स्वतःला समजावलं की फसलो तर किलोमीटरमध्ये फसलो, गाडी तर आपली आहे.

ट्रान्सफरचे कागद मी संगम पुलाजवळच्या आरटीओतल्या एजंटकडे दिले. चौथ्या दिवशी त्याचा फोन. बँकेची एनओसी, म्हणजे ते कर्ज फिटल्याचं पत्र, सिस्टीमला दिसत नाही, बँकेत जाऊन खात्री करून आणा. शिवाय मूळ मालकाच्या मोबाइलवर ओटीपी जाणार, त्याला फोन लावून ठेवा. विकणाऱ्याला फोन लावला. दोन दिवस वाजत राहिला, तिसऱ्या दिवसापासून बंद.

त्या रात्री मी पाकीट जेवणाच्या टेबलावर ठेवलं आणि बायकोला आकड्यासकट सगळं सांगितलं. ती काही बोलली नाही. चष्मा आणला. पत्र हातात घेऊन मजकूर वाचायच्या आधी उजव्या कोपऱ्यातली तारीख वाचली.

"चौदा एप्रिल?"

"हो. का?"

"आंबेडकर जयंती. बँक उघडी होती त्या दिवशी?"

भिंतीवरचं कॅलेंडर मागे उलटलं. २०२४ चा १४ एप्रिल रविवारही होता. मग तिने बाकीचं दाखवलं: कर्ज खात्याचा नंबर पत्रात एक आणि फॉर्म ३५ वर एका अंकाने वेगळा, शिक्क्यात शाखेचं नाव पण सही करणाऱ्याचा हुद्दा कुठेच नाही. सगळं मिळून तिला दोन मिनिटं लागली. पाकीट माझ्या बॅगेत तीन महिने होतं.

बँकेत तीच माझ्याबरोबर आली. हप्ते २०२२ पासून थकलेले, खातं केव्हाच एनपीएमध्ये, म्हणजे थकीत कर्जांत, गेलेलं, व्याजासकट तीन लाखांवर येणं. बँक गाडी शोधत होती आणि मी ती रोज हिंजवडीच्या रस्त्यावरून मिरवत होतो. मूळ मालक कॅनडात वगैरे नव्हताच. हप्ते झेपेनात म्हणून त्याने "पुढचे हप्ते तू भर" अशा तोंडी बोलीवर गाडी कुणाला तरी दिली होती, कोऱ्या फॉर्मवर सह्या करून. तिथून ती किती हातांतून फिरली, देव जाणे. हा प्रकार आपल्याकडे सर्रास चालतो, आणि अशी गाडी देणाऱ्याला वाटतं की आपण सुटलो. आरटीओच्या नोंदीत नाव त्याचंच राहतं. अपघात झाला असता तर समन्स त्याच्या दारात गेलं असतं.

पोलीस चौकीत आधी ठरलेलं वाक्य ऐकलं: हे सिव्हिल मॅटर आहे, कोर्टात जा. बायकोने बनावट पत्र आणि बँकेने लेखी दिलेलं उत्तर शेजारी शेजारी ठेवलं तेव्हा सूर बदलला. पैशाचा वाद सिव्हिल असेल, बनावट शिक्का सिव्हिल नसतो. चार फेऱ्यांनंतर गुन्हा दाखल झाला. व्यवहार मे महिन्यातला, म्हणजे नवी न्यायसंहिता १ जुलैला लागू व्हायच्या आधीचा, त्यामुळे कलमं जुन्या भादंविची लागली, ४२० आणि बनावट कागदपत्रांची. पैसे गेलेलं खातं कॉलेजातल्या एका मुलाचं निघालं. पाच हजारांसाठी त्याने ते वापरायला दिलं होतं. खात्यात शिल्लक २१२ रुपये. पिंपळे सौदागरचा फ्लॅट भाड्याचा, भाडेकरार दुसऱ्याच्या नावाचा, मेमध्येच रिकामा केलेला.

बँकेने सुचवलं की येणं भरा, गाडी सोडवा. क्षणभर मी हिशेब मांडायला लागलोही होतो. "तीच गाडी दोनदा विकत घ्यायची?" बायको म्हणाली, आणि वर मूळ मालक सहीला येईल याची खात्री कुणाला, हेही. मी कॅल्क्युलेटर बंद केला.

नोव्हेंबरात गाडी बँकेच्या वाघोलीकडच्या यार्डात जमा करून आलो. स्वतः चालवत नेली. तिथल्या पोराने छापील फॉर्मवर वस्तू टिपायला सुरुवात केली: आरसे दोन, चावी एक, बॅटरी आहे, टायर चांगले. मग स्विच ऑन करून मीटर बघितला आणि किलोमीटरच्या रकान्यात लिहिलं, ११,३४०.

मी म्हटलं, हा आकडा खोटा आहे, गाडी याच्या दुपटीहून जास्त चाललीय, माझ्याकडे वर्कशॉपची नोंद आहे.

"असेल साहेब. मीटरवर दिसतं तेच लिहायचं असतं," तो म्हणाला आणि शिक्का मारून पावती दिली. जानेवारीत गाडी लिलावात गेली. पिवळी स्क्रॅम्बलर, २०१९, एमएच ४७, बँकेच्या शिक्क्यासकट ११,३४० किलोमीटर.