मते मोजणारे अ‍ॅप आणि दोन मतदानांमधली तीन मिनिटे

गेले संपूर्ण शैक्षणिक वर्ष मी भौतिकशास्त्राच्या वर्गात एक प्रतिसाद-अ‍ॅप वापरत आहे. शिक्षकाने पडद्यावर बहुपर्यायी प्रश्न टाकायचा, विद्यार्थ्यांनी आपापल्या मोबाइलवरून उत्तर द्यायचे आणि कोणत्या पर्यायाला किती मते पडली याचा स्तंभालेख समोर उमटायचा, एवढेच त्याचे काम. अ‍ॅपचे नाव मुद्दाम देत नाही, कारण ज्या त्रुटींबद्दल लिहायचे आहे त्या या जातीच्या इतर अ‍ॅपमध्येही कमीअधिक प्रमाणात आढळतात.

वापरण्याच्या सोयीबद्दल फारशी तक्रार नाही. पडद्यावरचा संकेतांक टाकला की विद्यार्थी अर्ध्या मिनिटात आत येतात आणि त्यासाठी खाते उघडावे लागत नाही. मराठीत टंकलेला प्रश्न पडद्यावर नीट दिसतो; मात्र तोच प्रश्न पीडीएफ अहवालात उतरला की जोडाक्षरे फुटतात आणि ‘त्वरण’ हा शब्द ओळखू येईनासा होतो. हा दोष चिडचिड करायला लावणारा असला तरी त्यामुळे कोणाचे शिकणे अडत नाही. शिकणे अडते ते वेगळ्याच ठिकाणी.

वर्गात मतदान घेण्यामागे संशोधनाचा भक्कम आधार आहे. हार्वर्ड विद्यापीठातील भौतिकशास्त्रज्ञ एरिक माझूर यांनी 1991 पासून ‘पीअर इन्स्ट्रक्शन’ ही पद्धत आपल्या वर्गात रुजवली. तिच्यात संकल्पनेवरचा एक प्रश्न विचारला जातो, प्रत्येकाने आधी गप्प बसून स्वतःचे मत द्यायचे असते, मग शेजाऱ्याला आपले उत्तर पटवून द्यायचे आणि शेवटी त्याच प्रश्नावर पुन्हा मत द्यायचे. पहिल्या फेरीत साधारण 30 ते 70 टक्के विद्यार्थ्यांचे उत्तर बरोबर असेल तर चर्चा सर्वाधिक फळते; त्याहून कमी असेल तर शिक्षकाने संकल्पना पुन्हा समजावावी आणि जास्त असेल तर पुढे जावे, असा या पद्धतीचा संकेत आहे.

हे प्रत्यक्षात कसे घडते ते एका तासाला पाहायला मिळाले. सरळ वर फेकलेला दगड सर्वोच्च बिंदूला असताना त्याचे त्वरण किती, असा प्रश्न मी टाकला होता. निम्म्याहून अधिक वर्गाने ‘शून्य’ निवडले. मी उत्तर सांगितले नाही, स्तंभालेखही झाकून ठेवला आणि तीन मिनिटे दिली. पहिल्या बाकावरचा मुलगा ठामपणे म्हणत होता, “वेग शून्य म्हणजे त्वरणही शून्य, तो थांबलाय ना तिथे!” शेजारची मुलगी क्षणभर गप्प राहिली आणि म्हणाली, “अरे, त्वरण शून्य असतं तर तो तिथेच लटकून राहिला नसता का?” हे वाक्य मला वीस वर्षांत सुचले नव्हते. दुसऱ्या फेरीत ‘शून्य’चा स्तंभ खाली बसला.

अशा वेळी कच्ची मुले हुशार मुलाचे उत्तर नुसते उचलतात, ही शंका रास्त आहे. कोलोराडो विद्यापीठात आनुवंशिकीच्या वर्गात झालेल्या आणि 2009 मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासाने तीच तपासली. चर्चेनंतर त्याच संकल्पनेवरचा, पण वेगळा प्रश्न प्रत्येकाला एकट्याने सोडवायला दिला, तेव्हाही उत्तरे सुधारलेली दिसली. गटात सुरुवातीला कोणालाच बरोबर उत्तर माहीत नसतानाही चर्चेने समज वाढू शकते, असा त्याचा निष्कर्ष होता.

आता हे अ‍ॅप या तीन मिनिटांचे काय करते ते पाहू. मूळ सेटिंगमध्ये शेवटचे मत पडताच स्तंभालेख झळकतो. जीवशास्त्राच्या वर्गांतील 2010 च्या एका अभ्यासात असे आढळले, की चर्चेआधी स्तंभालेख पाहिलेले विद्यार्थी कमी मतांच्या उत्तराकडून सर्वाधिक मतांच्या उत्तराकडे वळण्याची शक्यता 30 टक्क्यांनी अधिक होती. म्हणजे युक्तिवादाच्या जागी बहुमत येते. स्तंभालेख झाकण्याची सोय आहे, पण ती सेटिंगच्या तिसऱ्या पानावर आहे आणि प्रत्येक नव्या प्रश्नमंजुषेत पुन्हा निवडावी लागते. त्याहून वाईट म्हणजे लवकर उत्तर देणाऱ्याला जादा गुण मिळतात आणि प्रत्येक प्रश्नानंतर संगीताच्या गजरात क्रमवारी जाहीर होते. विचार करायला थांबणारी मुलगी येथे हरते, आणि दगडाच्या प्रश्नात थांबली होती तीच. शिवाय दुसरे मतदान घेतले की पहिल्या फेरीचा निकाल पुसला जातो. चर्चेने काय बदलले हे दाखवणारी नेमकी तीच नोंद हाती उरत नाही. मी आता प्रत्येक प्रश्न दोनदा टाकून ही अडचण टाळतो.

मग अ‍ॅप हवेच कशाला? भौतिकशास्त्र-शिक्षणाचे संशोधक नॅथॅनिएल लॅस्री यांनी 2008 मध्ये क्लिकर (बटण दाबून मत देण्याचे हातातले छोटे यंत्र) आणि साधी हातातली कार्डे यांची तुलना केली, तेव्हा शिकण्यात लक्षणीय फरक आढळला नाही. शिक्षण-संशोधक रिचर्ड क्लार्क यांनी तर 1983 मध्येच शिकवण्याच्या माध्यमांना वाणसामान पोहोचवणाऱ्या ट्रकची उपमा दिली होती: पोषण सामानातून होते, ट्रकमधून नव्हे. उपमा थोडी एकांगी वाटते, कारण कार्ड वर करताना इतरांच्या हातांकडे चोरून पाहता येते आणि अ‍ॅपमध्ये ते जमत नाही. लाजरी मुले येथे निःसंकोच मत देतात, आणि कोणत्या प्रश्नावर वर्ग अडखळला हे महिन्यानंतरही तपासता येते.

या दोन गोष्टींसाठी मी अ‍ॅप चालू ठेवले आहे; पाचपैकी तीन तारे. गुण, घड्याळ आणि संगीत पहिल्याच दिवशी बंद करावे. ज्यांच्या वर्गात प्रत्येकाकडे मोबाइल नाही, त्यांनी जाड कागदाची चार रंगांची कार्डे कापावीत आणि मत देताना ती छातीशी धरायला सांगावीत.