विजय नगरचा फलाफल पिटा: सारण चोख, पिटा कमजोर

इंदुरात पिटा, म्हणजे खिशासारखी उघडणारी पश्चिम आशियाई रोटी सारण भरून, विकणारे काउंटर आता बरेच झाले आहेत. पुष्कळ ठिकाणी पिटा म्हणून जाड रोटीत आलू टिक्की, कोबी आणि मेयोनीज गुंडाळून देतात. विजय नगरच्या आतल्या गल्लीतला हा छोटा शाकाहारी काउंटर त्यांतला नाही. इथलं फलाफल, म्हणजे वाटलेल्या चण्यांचे तळलेले गोळे, भिजवलेल्या कच्च्या चण्यांचं असतं, ताहिनी ही पातळ पेस्ट खरोखर तिळाची असते आणि गोळे ऑर्डर आल्यावरच तळतात. एवढं नेटकं काम करणाऱ्याबद्दल सविस्तर लिहायला हवं. जे बिघडतं तेही लिहायला हवं, कारण ते सहज सुधारण्याजोगं आहे.

आधी फलाफल. चणा आपला डॉलर चणाच, म्हणजे पांढरा काबुली. इंदूरच्या मंडीत तो एका औंसात किती दाणे बसतात त्यावरून विकला जातो: ४२-४४ म्हणजे टपोरा, ५८-६० म्हणजे बारीक. फलाफलसाठी टपोऱ्या दाण्याचे पैसे मोजायची गरज नाही, वाटायचाच तर आहे. बघायचं ते चण्याचं वय. जुना चणा एकसारखा भिजत नाही, मध्ये टणक कणी राहते आणि तळल्यावर ती दाताखाली येते. इथला गोळा फोडला की आत कोथिंबिरीचा हिरवा रंग, मोकळा रवाळ पोत आणि बाहेर पातळ, कुरकुरीत कवच. कणी कुठेच नाही.

सगळ्यात मोठी गोष्ट म्हणजे चणे शिजवलेले नसतात. डाळवड्याची डाळ आपण शिजवून वाटत नाही, तोच नियम इथे. शिजलेल्या चण्यातला स्टार्च आधीच पाणी पिऊन फुगलेला असतो. असा गोळा तेलात गेला की बांधून राहत नाही, फुटतो. मग तो सावरायला बेसन किंवा मैदा घालतात आणि फलाफलची भजी होते. घरी करायचं तर २५० ग्रॅम कोरडे चणे भरपूर पाण्यात १२ ते १८ तास भिजवा. वजन साधारण दुप्पट होतं. निथळून फडक्यावर पसरा आणि वरचं पाणी पूर्ण टिपून घ्या. एक मध्यम कांदा, ५-६ लसूण पाकळ्या, मोठी मूठभर कोथिंबीर, धने आणि जिरे प्रत्येकी एक चमचा, मीठ दीड लहान चमचा. मिक्सर थांबवत थांबवत फिरवा, पाण्याचा थेंबही घालू नका. वाटण मुठीत दाबल्यावर गोळा राहिला पाहिजे, पण बोटाला चिकटता कामा नये. फार गुळगुळीत वाटलं तर गोळा आतून घट्ट, चिवट होतो. फार भरड ठेवलं तर विस्कटतो. तासभर फ्रिजमध्ये ठेवा आणि खायचा सोडा अर्धा लहान चमचा अगदी तळायच्या आधी मिसळा. आधी घातला तर त्याचा जोर भांड्यातच संपतो.

तेल १७५ ते १८० अंश, वेळ ३ ते ४ मिनिटं. तेल त्याहून बरंच गार असलं तर गोळा तेल पितो, फार तापलं तर बाहेरून काळा आणि आत कच्चा. कढई गच्च भरली की तेलाचं तापमान झपकन उतरतं. या काउंटरवर गर्दी असली तरी एका घाण्यात मोजकेच गोळे सोडतात. रांग वाढते, पण तसंच करायला हवं. उन्हाळ्यातली त्यांची काळजीही कौतुकाची आहे. मे महिन्यात इंदूरचा पारा चाळिशी ओलांडतो आणि बाहेर ठेवलेल्या भिजल्या चण्यांवर काही तासांत फेस येऊन आंबूस वास सुटतो. त्या दिवसांत चणे फ्रिजमध्येच भिजवायचे आणि मध्ये पाणी बदलायचं. इथल्या गोळ्याला भर उन्हाळ्यातही आंबूस चव नसते. (इजिप्तमध्ये हाच पदार्थ चण्याऐवजी फावा नावाच्या शेंगेच्या दाण्यांचा करतात, त्याला तामिया म्हणतात. तो आतून जास्त मऊ लागतो.)

ताहिनी सॉस छान, पांढरा आणि सरसरीत. तीळ सालासकट किंवा जास्त भाजलेले असले की सॉस कडवट होतो, इथे तो कडवटपणा नाही. घरी करणाऱ्यांना एक धोक्याची जागा सांगून ठेवावी: १०० ग्रॅम ताहिनीत लिंबाचा रस पडला की ती एकदम घट्ट होऊन गोळा धरते. बिघडलं समजून टाकू नका. गार पाणी चमच्या-चमच्यानं घालत फेटत राहा, साधारण १०० मिलीलीटरपर्यंत गेल्यावर ती सैल आणि पांढरी होते. हमस, म्हणजे शिजवलेल्या चण्यांचं ताहिनी घातलेलं वाटण, मात्र इथे मध्यमच, जिभेला खरखरीत लागतं. चणे पुरेसे मऊ शिजलेले नसतात, एवढंच कारण. शिजवताना चिमूटभर सोडा घातला आणि दाणा दोन बोटांत चिरडेपर्यंत थांबलं तर हा दोष जाईल.

आता पिटा. हाच कमजोर दुवा, आणि पिट्याचं सगळं यश याच्यावर उभं असतं. इथे पिटा सकाळी स्वतःच भाजतात आणि तो नीट फुगलेलाही असतो. पण नंतर ती चळत प्लास्टिकच्या पिशवीत दिवसभर पडून राहते. संध्याकाळी आठच्या पुढे गेलात तर चामट पिटा मिळतो, तोही गारच कापलेला. गार पिटा उघडताना कडेला चिरतो, ताहिनी त्या चिरेतून मनगटावर येते आणि अर्धा पिटा हातात सुटतो. यावर उपाय अवघड नाही. कापण्याआधी पिट्यावर पाण्याचे दोन-चार थेंब शिंपडून तव्यावर दोन्ही बाजूंनी वीस-वीस सेकंद गरम केलं की तो पुन्हा लवचीक होतो. तवा काउंटरवर आहेच, फक्त गर्दीत त्याला हात लागत नाही.

पिटा ज्यांना स्वतः करून बघायचा आहे त्यांच्यासाठी प्रमाण असं: मैदा ५०० ग्रॅम, पाणी ३२० मिलीलीटर, इन्स्टंट यीस्ट ७ ग्रॅम, मीठ १० ग्रॅम, तेल एक मोठा चमचा. आठ-दहा मिनिटं तिंबून दुप्पट होऊ द्या. इंदूरच्या उन्हाळ्यात पाऊण तासात होतं, डिसेंबरात दीड तासही लागतो. दहा गोळे करा, पंधरा मिनिटं झाकून ठेवा, मग ५-६ मिलीमीटर जाड लाटा. लाटी सगळीकडे सारख्या जाडीची हवी, तिला सुरकुती नको आणि पृष्ठभाग वाळलेला नको. यातलं एक जरी चुकलं तरी वाफेला फट मिळते किंवा थर सुटत नाहीत, आणि खिसा होत नाही. ओव्हन २५० अंशावर, आत जाड लोखंडी तवा अर्धा तास आधीपासून तापत ठेवलेला. तीनेक मिनिटांत पिटा फुगतो. काढला की लगेच कापडात गुंडाळायचा.

भरण्याच्या क्रमातही इथे चूक होते. सगळं सॅलड तळाशी आणि चारही फलाफल वर. पहिले घास कोरडे, शेवटचे ओले. योग्य पद्धत अशी की वरचा पाव भाग कापायचा आणि तोच तुकडा आत तळाशी बसवायचा, खाली येणारा रस तो शोषतो. पिट्याची एक भिंत बहुधा दुसरीपेक्षा जाड असते, हमस त्या जाड भिंतीला लावायचं. मग थोडं सॅलड, दोन फलाफल हलके दाबून, ताहिनी, पुन्हा सॅलड, पुन्हा दोन फलाफल आणि वर ताहिनीची धार. काकडी-टोमॅटोच्या बिया काढून, मीठ लावून दहा मिनिटं चाळणीत ठेवले तर अर्धी गळती तिथेच थांबते. इथे टोमॅटो पाण्यासकट जातो.

बीट घालून गुलाबी केलेला मुळा उत्तम, आंबट आणि करकरीत. कैरीचा मेथी-हळद घातलेला आंबट सॉस जरूर मागा. इराकी ज्यूंनी इस्रायलमध्ये रुजवलेल्या साबिख नावाच्या पिट्यात तो तळलेल्या वांग्याबरोबर असतो. त्यात उकडलेलं अंडंही असतं, ते इथे अर्थातच नाही, पण वांग्याचा पिटा अंड्यावाचूनही चांगला लागतो. वांग्याच्या कापांना आधी मीठ लावून, पाणी टिपून तळतात म्हणून ते तेलकट नसतात.

जीरावन, म्हणजे इंदूरचा पोह्यांवर भुरभुरायचा मसाला, मागणारे गिऱ्हाईक इथेही भेटतात आणि मालक नाही म्हणत नाहीत. सॅलडवर चिमूटभर चालतं. गोळ्यावर भुरभुरलं तर काळं मीठ आणि आमचूर धने-जिऱ्याची चव झाकून टाकतात. शेव घालायचीच असेल तर अगदी शेवटी वरून घाला, ताहिनीत दोन मिनिटांत ती लगदा होते.

फलाफल पिटा १४० रुपयांना, चार गोळ्यांचा, एकाचं पोट भरतं. सातच्या आत जा आणि कापण्याआधी पिटा तव्यावर गरम करायला सांगा, विचारल्यावर ते आनंदानं करतात. पार्सल फॉइलमध्ये देतात, त्यात वाफ कोंडून कवच मऊ पडतं. तेव्हा गोळे कागदी पिशवीत उघडे, ताहिनी आणि सॅलड वेगळ्या डब्यांत, पिटा निराळा असं मागून घ्या आणि घरी तवा तापल्यावरच भरा.