‘मीटर लावू नका, कॉइल जळेल’ : हेडफोनचे ड्रायव्हर घेताना झालेली फसवणूक

हेडफोनच्या ड्रायव्हरला, म्हणजे आवाज निर्माण करणाऱ्या पडदा-कॉइलच्या भागाला, मल्टिमीटर (विजेचा रोध मोजायचं यंत्र) लावला की आतली बारीक तारेची कॉइल जळते, असं एखादा विक्रेता सांगू लागला तर त्याच्याकडून काहीही घेऊ नका. मला हे वाक्य अगदी काळजीच्या सुरात ऐकवलं गेलं. त्याच्या आधाराने माझे १३,८०० रुपये गेले आणि आईच्या पंचाहत्तरीची भेट वेळेवर झाली नाही. हा प्रकार इतक्या बारकाईने आखलेला होता, की घरी हेडफोन जोडणाऱ्या प्रत्येकाला तो सविस्तर सांगावासा वाटतो.

आई रोज रात्री तानपुऱ्यावर गाते. बोटांच्या सांध्यांमुळे आता तिला तानपुरा छेडता येत नाही, म्हणून मोबाइलवर तानपुऱ्याचं ध्वनिमुद्रण लावून ती रियाज करते. कानात खुपसायच्या बोंड्या तिला सोसत नाहीत. बंद कपांचे हेडफोन घातले की स्वतःचा आवाज डोक्यात कोंडल्यासारखा घुमतो आणि सूर नीट लागलाय की नाही ते कळत नाही. ‘अगं, माझाच आवाज मला परका वाटतो,’ असं ती म्हणायची. यावर उत्तर एकच, ओपन-बॅक हेडफोन. त्यात ड्रायव्हरच्या मागची बाजू बंद नसते, फक्त जाळी असते. पडद्यामागची हवा मोकळी ये-जा करते, कपाच्या भिंतींवर आवाज आदळून परत येत नाही, आणि बाहेरचा आवाजही आत येतो. गाणाऱ्याला स्वतःचा गळा जसा आहे तसा ऐकू येतो, दाराची घंटाही कळते. सेन्हायझरने १९६८ साली एचडी ४१४ बाजारात आणला आणि हा प्रकार घरोघरी पोचला. पिवळ्या फोमच्या गाद्यांचा तो हलका हेडफोन जुन्या रेकॉर्डिंगवाल्यांना अजून आठवतो.

तयार हेडफोन आईला घालून पाहिले होते. डोकं लहान, त्यात चष्मा, त्यामुळे पट्टा कानामागे चष्म्याच्या काड्या दाबायचा. म्हणून घरीच बनवायचं ठरवलं. आमचं मूळ घर मिरजेचं. तिथे सतार-तानपुरे करणाऱ्यांच्या हाताखाली पिढ्यान्‌पिढ्या तूण हे लाकूड घडत आलं आहे, आणि मिरजेच्या सतार-तानपुऱ्याला २०२४ मध्ये भौगोलिक मानांकनही मिळालं. ओळखीच्या एका कातारीकाकांनी तुणाचे दोन कप कातून दिले. भिंत इतकी पातळ आणि दोन्ही कप इतके सारखे, की हातात घेऊन बघत राहावं. ड्रायव्हर बसतो ती चकती, म्हणजे बॅफल, पुण्यात थ्रीडी प्रिंट करून घेतली. स्प्रिंग स्टीलचा पट्टा, वरून मऊ चामडं, मखमली गाद्या, पातळ वायर. सगळं जमलं. राहिले ते ड्रायव्हर, आणि हेडफोनचा जीव त्यातच असतो.

हौशी मंडळींच्या खरेदी-विक्रीच्या एका गटात हा विक्रेता भेटला. ३०० ओहमचे (ओहम म्हणजे विजेच्या रोधाचं माप) डायनॅमिक ड्रायव्हर, नामांकित हेडफोनमधून काढलेले, डावा-उजवा जुळवून मोजलेले, सोबत कोणत्या कंपनसंख्येला किती आवाज येतो ते दाखवणारे मोजमापाचे आलेख. भाषा जाणकाराची होती. त्याने मला उलट प्रश्न विचारले : कपाची खोली किती, मागे फेल्ट लावणार की टिश्यू, गाद्या कोणत्या? आईसाठी आहे म्हटल्यावर तर तो म्हणाला, ‘ताई, मग माझ्याकडची सगळ्यात चांगली जोडी तुमच्यासाठी बाजूला ठेवतो. वाढदिवस कधी आहे?’ तारीख कळली आणि घाई सुरू झाली. दुसरं गिऱ्हाईक विचारतंय, आज पैसे आले तरच उद्याचं कुरिअर गाठता येईल, वगैरे. यूपीआयवर खातेदाराचं नाव वेगळंच दिसलं. तेव्हा ‘मेहुण्याचं खातं आहे, माझ्या खात्याची मर्यादा संपली’ हे उत्तर त्याच्याकडे तयार होतं.

पार्सल वेळेवर आलं. बांधणी नीटनेटकी, फोममध्ये कापून बसवलेले ड्रायव्हर, मागे ‘३०० ओहम’चं स्टिकर, धन बाजूला लाल ठिपका. पाठोपाठ त्याचा संदेश : ‘ताई, एक विनंती. मल्टिमीटर लावू नका. डीसी करंटने व्हॉइस कॉइल जळते. माझी दोन गिऱ्हाइकं अशी रडत बसली आहेत. सरळ सोल्डर करा आणि पन्नास तास वाजवून मग काय ते ठरवा. सुरुवातीला आवाज थोडा बंद वाटेल.’

या संदेशात किती गोष्टी बसवल्या आहेत पाहा. मीटर लावला नाही तर आकडा कळणार नाही. सोल्डर केलं की माल परत घ्यायचा प्रश्न मिटला. आणि आवाज वाईट लागला तरी पन्नास तास वाट बघायची, म्हणजे पुरता आठवडा तरी जातो. ऑनलाइन फसवणुकीत पैसे अडवायचे असतील तर पहिले काही तासच हातात असतात, आणि तेच तास त्याने या एका संदेशात काढून घेतले.

खरी गोष्ट अशी. साधा डिजिटल मल्टिमीटर ओहमच्या पल्ल्यात एक मिलिअँपिअरच्या आसपास किंवा त्याहून कमी प्रवाह सोडतो. ३०० ओहमच्या कॉइलमध्ये तेवढ्याने एक मिलिवॉटचा तिसरा हिस्साही खर्च होत नाही. मोठ्या आवाजात गाणं वाजताना कॉइलमधून याहून जास्त जातं. मीटरची टोकं टेकवली की ड्रायव्हरमधून बारीकशी ‘टक्‌’ ऐकू येते आणि पडदा किंचित हलतो, एवढंच. ही तपासणी पूर्णपणे निर्धोक आहे आणि ड्रायव्हर हातात आल्यावर सगळ्यात आधी करायची तपासणी हीच.

हेडफोन जोडून झाला आणि मोबाइलला लावला. पहिली शंका तिथेच आली. आवाज दणदणीत होता. ३०० ओहमचा ड्रायव्हर साध्या मोबाइलवर सहसा दबकाच वाजतो, त्याला अँपची, म्हणजे आवाज वाढवणाऱ्या यंत्राची, साथ लागते. गणित सोपं आहे : एक व्होल्टला ३२ ओहमच्या कॉइलमध्ये सुमारे ३१ मिलिवॉट शक्ती जाते, ३०० ओहमच्या कॉइलमध्ये जेमतेम ३.३. हा तर अर्ध्या आवाजालाच कानठळ्या बसवत होता.

आईने डोळे मिटून तानपुरा ऐकला. थोड्या वेळाने म्हणाली, ‘पंचम लागलाय, पण जवारी कुठे आहे गं? आणि हा तानपुरा समोर का नाही? इकडून थोडा, तिकडून थोडा येतोय.’ तिने वापरलेल्या साध्या शब्दांत दोन्ही दोष आले होते. जवारी म्हणजे तारेच्या मूळ सुरावर उमटणाऱ्या वरच्या स्वरांशांचा झणकार. वरच्या कंपनसंख्यांना ड्रायव्हर आंधळा असेल तर पहिली तीच जाते. आणि आवाज मध्यावर न जमता दोन कानांत फाटला, खर्ज विरळ झाला, तर बहुतेक वेळा एका ड्रायव्हरची जोडणी उलटी असते. एकाचा पडदा पुढे येतो तेव्हा दुसऱ्याचा मागे जातो.

मग मी वायर सोडवल्या आणि मीटर लावला. एक ड्रायव्हर ३१ ओहम, दुसरा ३४. ड्रायव्हरचा डीसी रोध, म्हणजे मीटरवर दिसणारा आकडा, त्याच्या छापील ओहमच्या जवळपास, बहुधा किंचित कमी असतो. ३०० च्या जागी ३१ यायला कुठलंही तांत्रिक कारण असू शकत नाही. जुळवलेल्या जोडीत तीन ओहमचा फरकही बसत नाही. स्टिकर नखाने उचललं, तर खाली कारखान्याचा छाप खरवडून काढलेला. एका ड्रायव्हरवर लाल ठिपका चुकीच्या टोकावर दिलेला होता. काही शे रुपयांत मिळणारे ३२ ओहमचे साधे ड्रायव्हर होते ते.

आलेखांचं प्रकरण त्याहून वाईट. डाव्या-उजव्याचे म्हणून पाठवलेले दोन आलेख संगणकावर एकावर एक ठेवले. रेषा केसाइतकीही हलली नाही, प्रत्येक बारीक टोक तंतोतंत तेच. असं खऱ्या मोजणीत घडूच शकत नाही. एकच हेडफोन मापनाच्या साच्यावरून उचलून पुन्हा ठेवला तरी पाच-सहा हजार हर्ट्‌झच्या वर रेषा बदलते, कारण कानासमोरची जागा दोन मिलिमीटर सरकली तरी फरक पडतो. ‘बघा, किती सुंदर जुळलेत’ म्हणून तो जे दाखवत होता, तोच त्याच्या खोटेपणाचा पुरावा होता.

मी मीटरच्या आकड्यांचा व्हिडिओ पाठवला. त्याचा सूर त्या क्षणाला बदलला. ‘मीटर लावलात ना? म्हणजे तुम्हीच जाळलेत.’ इथे एक लक्षात ठेवा. जळलेली कॉइल बहुतेक वेळा तुटते, आणि तुटलेल्या कॉइलवर मीटर अनंत रोध दाखवतो. जळून ३०० ओहमची कॉइल ३१ ओहमची, तीही गात राहणारी, होत नाही. हे लिहिल्यावर दोन दिवस तो गप्प होता. मग नरमाईने : ‘ताई, वाद नको. पैसे परत करतो, हा क्यूआर स्कॅन करा आणि पिन टाका.’ दुसरी फसवणूक ही होती. पैसे घ्यायला ना स्कॅन लागतो ना पिन. यूपीआय पिन टाकला की पैसे आपल्याच खात्यातून जातात. मी नकार दिला. त्याच संध्याकाळी त्याचं खातं गटातून नाहीसं झालं.

सायबर फसवणुकीच्या १९३० या मदतक्रमांकावर फोन केला, राष्ट्रीय सायबर गुन्हे पोर्टलवर तक्रार नोंदवली, बँकेला व्यवहार क्रमांकासह लेखी कळवलं. पैसे तोवर पुढे गेले होते. त्या खात्यात उरलेले १,९०० रुपये तेवढे गोठवले गेले आहेत, ते अजून माझ्यापर्यंत आलेले नाहीत. पोलिस ठाण्यात पहिलं उत्तर मिळालं ते असं : ‘वस्तू मिळाली आहे ना, मग हा ग्राहक न्यायालयाचा विषय.’ असं उत्तर मिळालं तर तिथून उठू नका. वस्तू दुसरीच देऊन ती अस्सल असल्याचं भासवणं ही भारतीय न्याय संहितेच्या कलम ३१८ खालची फसवणूक आहे, आणि त्यात हेतू दाखवावा लागतो. माझ्याकडे हेतूचे तीन कागद होते : खरवडलेल्या छापाचे फोटो, एकमेकांवर ठेवलेले आलेख, आणि मीटर लावू नका हा त्याचा लेखी संदेश. तिसरा वाचल्यावर अधिकाऱ्यांनी आपल्या ओळखीच्या रेडिओ दुरुस्तीवाल्याला फोन लावून खात्री केली आणि अर्ज दाखल करून घेतला.

ग्राहक आयोगाचा मार्गही आहे. २०१९ च्या कायद्यानुसार तक्रार आपण राहतो त्या जिल्ह्यात करता येते, विक्रेता कुठल्याही राज्यातला असो, आणि पाच लाखांपर्यंतच्या खरेदीला शुल्क नाही. ई-जागृती पोर्टलवरून घरबसल्या अर्ज होतो. पण त्यासाठी समोरच्याचं खरं नाव आणि पत्ता लागतो, आणि असल्या माणसाकडे नेमकं तेच नसतं. म्हणून पैसे देण्याआधी बिल मागा. बिल देत नाही, खातं तिसऱ्याच्या नावावर आहे, आणि तपासू नका म्हणतो, ही तिन्ही लक्षणं एकत्र दिसली तर ड्रायव्हर कितीही स्वस्त असोत, सोडून द्या. पार्सल उघडतानाचा व्हिडिओ सलग काढा, आणि त्याच व्हिडिओत मीटर लावा. स्टिकर, ड्रायव्हर आणि आकडा एकाच चौकटीत दिसले की ‘तुम्हीच जाळलेत’ म्हणायला जागा उरत नाही. जोडणीची दिशा तपासायला एकच मोनो ध्वनिमुद्रण दोन्ही कानांत लावा. आवाज कपाळाच्या मध्यावर येतो की नाही ते सोल्डर करण्याआधी मगर-चिमट्यांनी जोडूनच कळतं.

नवे ड्रायव्हर मी एका कंपनीच्या सेवा केंद्रातून सुटे भाग म्हणून बिलासह घेतले. काउंटरवर मीटर काढला तेव्हा तिथल्या दादांनी स्वतःहून टोकं धरून दिली : २९८ आणि ३०१. त्याला जोडायला छोटा अँप घ्यावा लागला, खर्च वाढला. वाढदिवस उलटून गेला होता, पण आईला जवारी मिळाली.

तक्रार अजून उघडी आहे. तपास करणाऱ्यांचं म्हणणं असं, की त्याच खात्याविरुद्ध आणखी तक्रारी आल्या तर प्रकरण पुढे सरकेल. ‘जुळवलेल्या जोडी’चे हुबेहूब एकसारखे आलेख तुम्हालाही कुणी पाठवले असतील, तर ते पुसू नका. ड्रायव्हर जोडलेले असले तरी एकदा वायर सोडवून मीटर लावा, फोटो काढा, आणि रक्कम लहान असली तरी १९३० वर नोंद करा.