सिलिकॉन ग्रीस की टेफ्लॉन स्लीव्ह? बी-24 जॉइंटपुरतं बोलू

बी-24 म्हणजे प्रयोगशाळेतल्या काचेच्या भांड्यांचा सुमारे 24 मिमी रुंद जोड: घासून दुधी केलेली दोन निमुळती तोंडं एकात एक बसतात. मधे ग्रीस लावायचं की टेफ्लॉनची पातळ नळी, म्हणजे स्लीव्ह, घालायची, हा प्रश्न. डायक्लोरोमिथेन उडवायचं असेल किंवा तासाभराचा इथेनॉल रिफ्लक्स (उकळून वाफ पुन्हा फ्लास्कमध्ये परतवणं) असेल, तर जॉइंट कोरडा ठेवला तरी फारसं बिघडत नाही. पण अल्कली, व्हॅक्यूम किंवा रात्रभर चालणारी रिअ‍ॅक्शन आली की काचेला काच भिडू देऊन चालत नाही. कॉस्टिक, म्हणजे तीव्र अल्कली, त्या दुधी पृष्ठभागात शिरतं, काच खातं आणि जॉइंट असा जाम होतो की सोडवताना फ्लास्कची मानच हातात येते.

ग्रीस स्वस्त. एक ट्यूब वर्षानुवर्षं पुरते, आणि घासून जुना झालेला जॉइंटही ते सांभाळून घेतं. लावायचं मात्र बेतानं: मेल जॉइंटच्या (आत जाणाऱ्या तोंडाच्या) फक्त वरच्या निम्म्या भागावर दोन-तीन बारीक उभ्या रेघा, मग बसवून फिरवायचं. दुधी काच पारदर्शक झाली की पुरे. खालच्या टोकाशी ग्रीसचं कडं दिसलं, तर पुसून पुन्हा लावा. रिफ्लक्सची वाफ ते कडं धुऊन थेट फ्लास्कमध्ये नेते.

ग्रीसविषयी माझं मत फिरलं ते इथेच. एनएमआरमध्ये (संयुगातले हायड्रोजन रेघांच्या रूपात दाखवणाऱ्या तपासणीत) 0.07 पीपीएमच्या आसपास येणारी ग्रीसची टोकदार रेघ पाच ग्रॅमच्या बॅचमध्ये शोधूनही सापडत नाही. पण 300 रेणुभाराचं 10 मिलिग्रॅम संयुग घ्या. त्यात वजनानं एक टक्का ग्रीस असेल, तरी त्या रेघेचं क्षेत्रफळ संयुगातल्या एका प्रोटॉनच्या (हायड्रोजनच्या) जवळजवळ चौथ्या हिश्श्याएवढं भरतं. कारण सिलिकॉनच्या 74 वजनाच्या प्रत्येक तुकड्यात सहा सारखेच हायड्रोजन असतात, आणि ते सगळे एकाच जागी उभे राहतात. शुद्धीकरणाच्या कॉलमवर हेक्झेनसोबत बरंचसं पुढे निघून जातं हे खरं, पण कॉलमनंतरचा फ्लास्क पुन्हा ग्रीस लावलेल्या रोटाला (द्रावक उडवणाऱ्या रोटरी इव्हॅपोरेटरला) जोडला की पहिले पाढे पंचावन्न.

भांड्यावरूनही ते सहज सुटत नाही. अ‍ॅसिटोननं ते नुसतं पसरतं. आधी हेक्झेननं भिजवलेल्या टिश्यूनं पुसायचं, मग आयसोप्रोपॅनॉल-केओएचच्या (पोटॅशियम हायड्रॉक्साइडच्या) बाथमध्ये थोडाच वेळ ठेवायचं; जास्त राहिलं तर बाथ जॉइंटची काचच खातो. ग्रीस तसंच राहून भांडं दुरुस्तीला ग्लासब्लोअरकडे गेलं, तर ज्योतीत त्याची सिलिका होते आणि तो पांढुरका डाग कायमचा राहतो.

स्लीव्ह महाग आहे, यात वाद नाही. शिवाय तिची नाटकं वेगळी. एक सुरकुती पडली की व्हॅक्यूम धरत नाही. टेफ्लॉन काचेपेक्षा कितीतरी जास्त प्रसरण पावतं. तापताना दाबाखाली पसरतं आणि थंड झाल्यावर सैल पडतं. म्हणून पहिल्या तापवणीनंतर जॉइंट पुन्हा हलकेच दाबून बसवावा आणि क्लिप लावावी. तापणाऱ्या जॉइंटवर क्लिप स्टीलचीच हवी, प्लॅस्टिकची मऊ पडते. मापही बघून घ्या: 24/40 साठीची स्लीव्ह आपल्या 24/29 वर (दुसरा आकडा जॉइंटची मिमीमधली लांबी) घातली तर खाली लोंबते आणि तिथे थेंब साठतात. ब्लेडनं कापून टाका. द्रव अमोनियातल्या सोडियमपाशी मात्र ती नेऊच नका; टेफ्लॉन काळं पडतं.

पण रिअ‍ॅक्शन संपल्यावर स्लीव्ह काढली, धुतली, वाळवली की काम झालं. फ्लास्क ओतताना तोंड पुसत बसावं लागत नाही. कॉस्टिकच्या रिफ्लक्सनंतरही जॉइंट हातानं सुटतो, निदान माझ्या पाहण्यात तरी.

उच्च व्हॅक्यूमच्या लाइनवरच्या अशा जॉइंटना मात्र स्लीव्ह पुरत नाही, ग्रीस लागतं. तिथे सिलिकॉनऐवजी हायड्रोकार्बन ग्रीस बघावं, असं सुचवेन. त्याच्याही रेघा 0.86 आणि 1.26 ला दिसतात, पण भांड्यावरून ते नुसत्या हेक्झेननं निघून तरी जातं. मिलिग्रॅममध्ये काम करणाऱ्यानं आधी बी-24 च्या चार आणि त्याहून लहान बी-19 च्या दोन स्लीव्ह घ्याव्यात. सिलिकॉनची ट्यूब डेसिकेटरच्या (वस्तू कोरड्या ठेवण्याच्या काचेच्या भांड्याच्या) झाकणासाठी ठेवा. तिथे स्लीव्ह बसतच नाही.